वाचकांचे प्रश्न : पोटातले दात

प्रश्न : पाचवा महिना चालू आहे. सासूबाई म्हणतात, कॅल्शियमच्या गोळ्या चुकवल्यास तर बाळाचे दात किडके निघतील आणि तुझाही एखादा पडेल. बाळाला दात तर जन्मानंतर सहा महिन्यांनी येतात ना?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : दिसतात तेव्हा, घडायला लागतात फार आधी. गर्भ सहा आठवड्यांचा झाला (सोनोग्राफीच्या कागदावर पाळीपासून मोजतात, म्हणजे तिथे आठ) की हिरडीच्या जागी वरच्या पेशींची एक पट्टी आत शिरते. आठवड्या-दोन आठवड्यांत तिला कळ्या फुटू लागतात : वर दहा, खाली दहा. कळी खालून खोलगट होत आधी टोपीसारखी, मग घंटेसारखी दिसते. घंटेच्या आतल्या अस्तराच्या पेशी इनॅमल (दातावरचं कठीण आवरण) करतात, पोकळीतल्या पेशी डेंटीन (त्याखालचा दाताचा मुख्य भाग). डेंटीनचा पहिला थर बसल्याशिवाय इनॅमल पडतच नाही. पुढच्या दातांत हे काम चौदाव्या आठवड्याच्या आसपास सुरू होतं. जन्मताना त्यांचा दिसणारा भाग बराचसा तयार असतो, शेवटच्या दाढांची मात्र नुसती टोकं.

इनॅमल करणाऱ्या पेशी दात वर येताना संपतात. म्हणून त्यात राहिलेला खड्डा पुढे आपोआप भरत नाही, आणि तिथे कीड लवकर धरते. तरी कीड लागते ती साखरेनं आणि जंतूंनी. रात्रभर तोंडात दुधाची बाटली असेल तर गोळ्या काय करणार?

तुमच्या दातातून बाळ कॅल्शियम ओढत नाही. कमी पडलं तर ते हाडांतून जातं. गरोदरपणात दात बिघडतात ते सुजलेल्या हिरड्यांमुळे आणि उलटीतल्या आम्लामुळे. उलटीनंतर नुसती चूळ भरा, ब्रश अर्ध्या तासानं.

गोळ्या मात्र घ्याच : ५०० मिलिग्रॅमच्या दोन, दोन्ही जेवणांबरोबर एकेक. लोहाची गोळी दोन तासांच्या अंतरानं, नाहीतर लोह नीट शोषलं जात नाही. आपल्याकडच्या शाळूच्या भाकरीत कॅल्शियम थोडंच. नाचणीत १०० ग्रॅमला ३०० मिलिग्रॅमच्या वर. आठवड्यातून दोन-तीनदा भाकरी बदला. आणि कुठल्याही दुखण्यासाठी औषध घेताना गरोदर असल्याचं आधी सांगा. टेट्रासायक्लिन हे जंतुनाशक औषध (अँटिबायोटिक) या काळात घेतलं तर बाळाचे दुधाचे दात पिवळट-करडे निघू शकतात.

प्रश्न : नातीला जन्मतःच खाली एक दात आहे. भावकीत म्हणतात अपशकुन, काढून टाका.
– एक आजी, पाटण

उत्तर : अपशकुन कसला! दोन-तीन हजार बाळांत एखाद्याला असतो. बहुतेक वेळा तो लवकर वर आलेला दुधाचाच दात असतो, जादा नव्हे. काढला तर ती जागा सहा-सात वर्षं रिकामी. मूळ तयार नसल्यानं तो थोडा हलतो. फारच डुगडुगत असेल तर निखळून श्वासनलिकेत जायची भीती, तेव्हा दंतवैद्याकडून काढून घ्या. त्याआधी जन्मल्यावर व्हिटॅमिन के-चं इंजेक्शन दिलंय का ते कागदांत बघा, रक्त गोठायला ते लागतं. घट्ट असेल पण जिभेखाली जखम होत असेल, तर धारदार कड घासून गुळगुळीत करतात. घरी दोरा बांधून ओढू नका.