साक्षीच्या कागदावरची खोडलेली ओळ

"मी ढोंगी आहे का हो?" चर्चच्या मंडळीत मनापासून राबणारी माणसं हा प्रश्न मला फार वेळा विचारतात. रविवारी हसून 'प्रभूची स्तुती असो' म्हणायचं आणि घरी गुडघे टेकले की तोंडून शब्द फुटत नाही, अशी त्यांची अवस्था असते. अशाच एका बाईंची ही गोष्ट. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

त्या उपासनेत गीतं सांगायच्या. आठ महिन्यांपूर्वी त्यांचा धाकटा भाऊ आजारपणात गेला. अख्ख्या मंडळीने उपास धरून प्रार्थना केली होती, तरी गेला. आता पाळकांनी त्यांना साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते उपासनेत सगळ्यांसमोर सांगायला सांगितलं होतं. त्यांनी चार पानं लिहून आणली होती. 'प्रभूने मला शांती दिली' ही ओळ तीनदा खोडून तीनदा पुन्हा लिहिलेली. शेवटच्या खेपेला पेन इतकं दाबलेलं की कागद फाटला होता.

"हे वाचलं तर खोटं. नाही वाचलं तर देवाच्या नावाला कमीपणा."

झोप, भूक, जगण्याची इच्छा, सगळं नीट विचारून घेतलं. डॉक्टरांकडे पाठवावं असं काही आढळलं नाही. मग मी म्हटलं, "येशूने ढोंगी म्हटलं ते लोकांनी पाहावं म्हणून प्रार्थना करणाऱ्यांना. तुम्हाला वाहवा हवी आहे का?"

बराच वेळ त्या बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "वाहवा कसली! भीती वाटते. माझा विश्वास कमी पडला म्हणून तो गेला, असं म्हणतील." अंत्यविधीच्या दिवशीच कुणीतरी तसं बोलून गेलं होतं. शोकात बुडालेल्या माणसाला हे ऐकवणाऱ्यांचा मला आजही राग येतो. वधस्तंभावर जाण्याआधी गेथशेमाने बागेत दुःखाचा प्याला टळावा म्हणून येशूने स्वतः विनवणी केली आणि तो टळला नाही. तिथे कुणाचा विश्वास कमी पडला होता? हे मी त्यांना विचारलं आणि पुढचा सगळा तास त्या नुसत्या रडत होत्या. मी मध्ये बोलले नाही.

पुढच्या भेटीत आम्ही बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय 5 उघडला. हनन्या आणि सप्पीरा यांनी जमीन विकली आणि पैशांतला काही भाग मागे ठेवला. येशूचा शिष्य पेत्र हनन्याला सांगतो की पैसा तुझ्याच हातात होता. चूक मागे ठेवण्यात नव्हती, तर आणलं तेवढंच सगळं असल्याचं भासवण्यात होती. माझ्या मते बाईंच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. मनातलं सगळं सगळ्यांसमोर मांडायची सक्ती नाही. 'प्रार्थनेसाठी म्हणून सांगते हं' असं करत गोष्टी कुठवर पोचतात, ते मंडळीत वाढलेल्या कुणालाही माहीत आहे. येशूनेही गेथशेमानेत आपला मरणप्राय खेद सांगितला तो बरोबर नेलेल्या तिघांना. बाकीच्या शिष्यांना त्याने अलीकडेच बसवलं होतं.

"तुमचे तिघं कोण?" त्यांना एकच नाव सुचलं. मागच्या बाकावर बसणाऱ्या एक विधवा मावशी. बाई त्या मावशींकडे गेल्या. मावशींनी समजूत घातली नाही, फक्त बायबलमधलं स्तोत्र 88 मोठ्याने वाचलं. ते स्तोत्र अंधारातच संपतं, पुढे दिलाशाची एक ओळ नाही. "हे आपल्या शास्त्रात आहे?" बाईंनी मला येऊन विचारलं. इतकी वर्षं गीतं सांगूनही हे स्तोत्र त्यांच्यापुढे कधी आलं नव्हतं.

पाळकांना त्या म्हणाल्या, "साक्ष आत्ता नाही देता येणार. स्तोत्र 88 वाचू का?" पाळक अवघडले. उपासनेत ते फार जड होईल, असं त्यांना वाटलं. शेवटी स्तोत्र 13 वर दोघांचं जमलं. त्याच्या सुरुवातीलाच 'कोठवर' हा प्रश्न चारदा येतो.

त्यांनी ते वाचलं. उपासनेनंतर एक तरुण बाप त्यांच्याजवळ येऊन नुसता उभा राहिला, काही न बोलता.

गीतं सांगायला त्या अजून उभ्या राहिलेल्या नाहीत. मागच्या भेटीत स्तोत्र 13 च्या शेवटच्या वचनावर बोट ठेवून म्हणाल्या, "बघा, इथे 'गाईन' आहे. 'गाते' नाही."