चीनमधल्या पारंपरिक ऑपेराचे प्रांतागणिक इतके वेगळे प्रकार का? डोंगर-नद्यांशी त्याचा खरंच संबंध आहे का?

आहे. पण ‘उत्तरेत रखरखीत पठार म्हणून आवाज चढा, दक्षिणेत पाणी म्हणून गळा मऊ’ हे नेहमीचं उत्तर मला अर्धंच पटतं.

उत्तरेकडच्या शीआन शहराच्या परिसरातली छिन्छ्यांग ही ऑपेराशैली ऐकलीत तर ते उत्तर अगदी खरं वाटेल. पिवळ्या मातीचा मुलूख, उघड्यावरचा मंच, समोर जत्रेची गर्दी. बोरीच्या लाकडाचे दोन तुकडे एकमेकांवर आपटून ठेका धरतात, आपल्या चिपळ्यांपेक्षा कितीतरी कडक. त्यावर गायक छाती फाडून गातो. तिथले लोक स्वतःच थट्टा करतात, की आमच्याकडे नाटक गात नाहीत, आरोळ्या ठोकतात.

आता दक्षिणेकडच्या सुचौ शहराजवळचं खुन्छ्यू घ्या. 16व्या शतकात वेई ल्यांगफू आणि त्याच्या सोबत्यांनी घडवलेली ही गायकी बासरीच्या साथीनं एकेक अक्षर घोळवत जाते. तिथे कालवे आहेत हे खरं, पण रेशमाच्या व्यापाराचा पैसाही होता. बागा बांधणारे, पदरी खासगी नाटकमंडळ्या ठेवणारे रसिक पंडित होते. दिवाणखान्यात बसलेल्या पंचवीस-तीस लोकांसाठी ओरडायचं कशाला? माझ्या मते आवाज पाण्यानं नव्हे, या बैठकीनं मऊ केला.

पाण्याचं खरं काम वाहतुकीचं. दक्षिणेतल्या ग्वांगडोंग प्रांतातल्या मंडळ्या लाल होड्यांतून मोती नदीच्या खोऱ्यात गावोगाव हिंडत. राहणं, पेटारे, सगळं होडीतच. (याच मंडळींतला नट ली वन्माओ 1854मध्ये छिंग राजवटीविरुद्धच्या उठावात उतरला आणि सरकारनं तिथल्या नाटकांवर बंदी घातली.)

सिच्वानला चहूबाजूंनी डोंगर, म्हणजे तिथली कला एकसुरी असायला हवी. झालं उलटंच. 17व्या शतकातल्या युद्धांनी ओस पडलेल्या या प्रांतात हूनान, हूपे, शान्शी, ग्वांगडोंगमधून माणसं येऊन वसली आणि आपापल्या चाली घेऊन आली. म्हणून सिच्वान ऑपेरात पाच वेगवेगळ्या गायनपद्धती नांदतात. त्यातल्या काओछ्यांगमध्ये सुरांची वाद्यंच नसतात. नुसते ढोल-झांजा आणि ओळ उचलून धरणारे साथीदार.

बोलीचाही वाटा मोठा आहे. चिनी बोलींत शब्दाचा अर्थ स्वराच्या चढउतारावर ठरतो, त्यामुळे चाल बोलीच्या विरुद्ध गेली तर शब्द कळत नाहीत. पेकिंग ऑपेराचंच पाहा. सम्राट छ्येनलुंगच्या ऐंशीव्या वाढदिवसासाठी 1790मध्ये आन्ह्वी प्रांतातल्या मंडळ्या राजधानी बीजिंगमध्ये येऊ लागल्या, मागाहून हूपेचे कलाकार आले. बीजिंगचा म्हणून ओळखला जाणारा हा प्रकार आजही रंगमंचावर बरेच शब्द हूपेच्या वळणानं उच्चारतो.