दागिन्यातला हिरा कुठल्या खाणीतून आला, हे कसं शोधायचं?

नुसता बघून कळत नाही, माग कागदांवरच काढावा लागतो. दुकानदार ‘किंबर्ली प्रोसेस’चं, म्हणजे युद्धाला पैसा पुरवणारे हिरे बाजारात येऊ नयेत यासाठीच्या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेचं नाव पुढे करतात. पण 2003 पासूनची ही व्यवस्था फक्त कच्च्या हिऱ्यांसाठी आहे आणि प्रमाणपत्र अख्ख्या मालाला मिळतं, एकेका खड्याला नाही. शिवाय कुठले हिरे रोखायचे याची तिची व्याख्या बंडखोरांच्या युद्धाला पैसा पुरवणाऱ्या हिऱ्यांपुरतीच. झिंबाब्वेतल्या मरांगेमध्ये 2008 साली सरकारी सैन्यानंच खाणकामगारांना ठार मारलं, ते त्या व्याख्येत बसतच नव्हतं! जीआयए या हिरे तपासणाऱ्या अमेरिकन संस्थेच्या नेहमीच्या ग्रेडिंग रिपोर्टमध्येही (हिऱ्याच्या दर्जाच्या अहवालातही) खाणीचा देश नसतो. म्हणून पैलू कुठे पाडले हे नाही, हिरा खणला कुठे ते विचारा आणि उत्तर बिलावर लिहून मागा. ‘आमचे सप्लायर विश्वासू आहेत’ एवढंच ऐकू आलं तर दुसरं दुकान गाठा.