विंडोज १० वरून ११ वर जाण्याआधी वडिलांच्या फाइली पाहा

आपला लॅपटॉप २०१७ सालचा, सातव्या पिढीच्या आय-५ प्रोसेसरचा आहे, त्यावर बँकेचे व्यवहार होतात, वडिलांचे जुने मराठी लेखनही त्यातच आहे, आणि दुरुस्ती करणारे गृहस्थ ‘फॉरमॅट मारून विंडोज ११ टाकून देतो’ म्हणत आहेत. हे करावे का, असा आपला प्रश्न आहे. माझे स्पष्ट मत असे की त्या लेखनाची व्यवस्था लागेपर्यंत लॅपटॉप त्यांच्या हाती देऊ नये.

हे मी इतक्या ठामपणे का सांगते, ते आमच्या छापखान्यात घडलेल्या प्रसंगावरून कळेल. सासऱ्यांनी साताऱ्यात सुरू केलेल्या या छापखान्यात अक्षरजुळणी मी पाहते आणि बाहेरचे व्यवहार माझे धाकटे दीर पाहतात. विंडोज ७ चा सपोर्ट, म्हणजे कंपनीकडून मिळणाऱ्या दुरुस्त्या, १४ जानेवारी २०२० रोजी संपणार म्हणून त्यांनी आदल्या दिवाळीनंतर सगळे संगणक विंडोज १० वर नेण्याचे ठरवले. मी एवढेच म्हटले होते की, ‘भावोजी, अक्षरजुळणीच्या संगणकाला हात लावण्याआधी आपले मराठी सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालते का, ते एकदा पाहून घ्या.’ त्यावर ‘वहिनी, नवीन काही आले की तुमचा विरोध ठरलेलाच’ असे उत्तर मिळाले, आणि मी बाहेरगावी असताना तंत्रज्ञाने डिस्क पुसून ६४-बिट, म्हणजे जुन्या ३२-बिटच्या पुढच्या घडणीचे, विंडोज १० टाकून दिले.

आमचे सॉफ्टवेअर युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या यंत्रांवर एकच ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, आधीच्या काळातले होते. अशा सॉफ्टवेअरच्या फॉन्टमध्ये (अक्षरसंचात) रोमन अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असतात, त्यामुळे तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर फाइल उघडली की मजकुराच्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हे यांचा गुंता दिसतो. शिवाय ते सॉफ्टवेअर प्रिंटरच्या पोर्टला लावलेले डोंगल (परवान्याची खूण म्हणून जोडायचा छोटा खटका) सापडल्याशिवाय सुरूच होत नसे. ३२-बिट प्रोग्रॅम ६४-बिट विंडोजवर बहुधा चालतात. ३२-बिट ड्रायव्हर, म्हणजे जोडलेले उपकरण विंडोजला ओळखू देणारा प्रोग्रॅम, मात्र मुळीच चालत नाही, आणि आमच्या डोंगलचा ड्रायव्हर नेमका ३२-बिट होता. नवा ड्रायव्हर मिळण्याची सोय नव्हती, कारण सॉफ्टवेअर विकणाऱ्यांनी ते केव्हाच बंद केले होते. तुळशीची लग्ने उरकून लग्नपत्रिकांची कामे दाराशी आली होती, आणि सासऱ्यांच्या काळापासून जपलेले सगळे साचे वाचता न येणारे झाले होते.

मी त्या डिस्कची हुबेहूब प्रत दुसऱ्या डिस्कवर आधीच करून ठेवली होती. ती जोडली आणि संगणक पूर्वीसारखा सुरू झाला. त्या यंत्राची इंटरनेटची तार मी त्याच दिवशी कायमची काढली. बँक, जीएसटी आणि ईमेल यांसाठी वेगळा ६४-बिट संगणक घेतला, आणि जुने साचे हळूहळू युनिकोडमध्ये आणले. त्यामुळे माझा विरोध नव्याला नव्हता, न तपासता केलेल्या बदलाला होता. हे मी दिरांना तेव्हाही सांगितले आणि आजही सांगते.

माझ्या या अनुभवाचा आधार घेऊन ‘चालते आहे तर बदलायचे कशाला’ म्हणणाऱ्यांशीही मी सहमत नाही. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या, खंडणी मागणाऱ्या घातक प्रोग्रॅमने जगभरचे संगणक कुलूपबंद केले, तेव्हा त्या त्रुटीवरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेली होती, ती न घेतलेली यंत्रे सापडली. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. घरगुती वापरकर्त्यांना नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळण्याची सोय केलेली आहे. ती नोंदणी केल्याशिवाय त्या लॅपटॉपवरून बँकेचे व्यवहार करू नयेत.

आपल्या लॅपटॉपपुरते सांगायचे, तर विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी चिप) लागते, सातव्या पिढीतला आय-५ मान्य यादीत नाही. तपासणी चुकवून ११ बसवता येते, आणि ते गृहस्थ बहुधा तेच करणार आहेत, पण अशा यंत्राला पुढे अपडेट मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. सुरक्षेसाठीच बदल करायचा असेल, तर अशा बदलाला काही अर्थ उरत नाही. ऐपत असेल तर बँकेच्या कामासाठी नवा संगणक घ्यावा आणि जुना इंटरनेटपासून तोडून लेखनासाठी ठेवावा.

वडिलांचे लेखन युनिकोडमध्ये असेल, तर माझी एवढी काळजी अनाठायी आहे. फाइलींची प्रत पेन ड्राइव्हवर घेतली की पुरे. मोबाइलवर उघडून मराठी नीट दिसले, तर ते बहुधा युनिकोडच आहे. तसे दिसले नाही, तर जुन्या लॅपटॉपवरूनच प्रत्येक फाइलीची पीडीएफ करून घ्यावी. फॉन्ट पीडीएफच्या आतच साठवला गेला असेल, तर ती कोठेही वाचता येते. त्यातला मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला तर मात्र तोच गुंता उमटतो, म्हणून मूळ फाइली आणि त्यांचे फॉन्टही जपून ठेवावेत.