भूगावला जा, पण सहकारनगरचा फ्लॅट विकू नका

प्रश्न : मी ७१ वर्षांची, यजमान ७५. पुण्यात सहकारनगरमध्ये तिसऱ्या मजल्यावर टू बीएचके, लिफ्ट नाही. मुलगा कॅनडात. यजमानांची बँकेची पेन्शन ४१ हजार, सीनियर सिटिझन योजनेत ३० लाख, एफडी २० लाख. भूगावकडे ज्येष्ठांच्या प्रकल्पात ६८ लाखांचा वन बीएचके पाहिला. जेवणखाण, साफसफाई, नर्स धरून दोघांचे महिन्याला ५२ हजार, एकट्याचे ३४ हजार. आमच्या फ्लॅटचे १ कोटी ३० लाख येतील असं एजंट म्हणतो. सोसायटीत रिडेव्हलपमेंटचीही बोलणी चालू आहेत. विकून तिकडे जावं का?

उत्तर : काकू, जायला माझी हरकत नाही. विकायला आहे.

रिडेव्हलपमेंटचं तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलंय, पण मी तिथेच अडकलो. नुसती बोलणी चालू असताना विकलंत, तर उद्या मिळू शकणाऱ्या वाढीव जागेचा मोबदला आजचा गिऱ्हाईक तुम्हाला पुरता देणार नाही. शिवाय काम सुरू झालं की दोन-तीन वर्षं घर सोडायचंच आहे आणि तेवढ्या काळाचं भाडं बिल्डर देतो. मग ते भाडं घेऊन दुसरीकडे कुठे तरी सामान टाकण्यापेक्षा भूगावलाच भाड्यानं का राहू नये? अशा अनेक प्रकल्पांत भाड्यानं किंवा अनामत भरून राहता येतं. करमलं तर त्या वेळी लिफ्टवाला नवा फ्लॅट विका. नाही करमलं तर परत या, घर तुमचंच आहे.

गाडं कुठवर आलंय ते सेक्रेटरींना स्पष्ट विचारा. ठरावाला ५१ टक्के सभासदांची संमती लागते, पण ठराव झाला म्हणजे कुदळ पडली असं नाही. वर्षभरात काही हलणार नसेल तर तुमच्या गुडघ्यांना तोवर थांबवू नका. फ्लॅट लीव्ह-लायसन्सवर द्या आणि त्या भाड्यात तिकडचं भाडं भागवा.

आता हिशोब. पेन्शन ४१ हजार. सीनियर सिटिझन योजनेत पैसे ८.२ टक्क्यांनी असतील तर तिमाहीला ६१,५००, म्हणजे महिना साडेवीस हजार. एफडीचे सात टक्के धरले तर साडेअकरा. झाले ७३ हजार, कर वेगळा. खर्च ५२ हजार, आणि औषधं, फिजिओ, डॉक्टर, शहरात येणं-जाणं असे पॅकेजबाहेरचे आणखी १५. कागदावर जमतं.

पण ५२ हजार दर वर्षी सात टक्क्यांनी वाढले तर दहा वर्षांत लाखावर जातात. व्याज मात्र वाढत नाही, आणि बँकेच्या पेन्शनीत फक्त महागाई भत्ता हलतो, मूळ रक्कम जिथल्या तिथे. दुसरी गोष्ट लिहायला जड जाते, पण तुम्ही पैशांचं विचारलंय म्हणून लिहितो. यजमानांच्या पश्चात कुटुंब पेन्शन शेवटच्या पगाराच्या ३० टक्के. आजची पेन्शन पगाराच्या निम्मी धरली तर चोवीस-पंचवीस हजार. तिकडचे पैसे मात्र निम्मे होत नाहीत, ३४ हजार राहतात. खर्च वाढत गेल्यावर पुढे पडणारी तूट विकून उरणाऱ्या पन्नासेक लाखांतून भरून निघेल, हे खरं. फक्त ते पैसे हातात येतात तेव्हा परतीचं दार बंद झालेलं असतं.

कराचं थोडक्यात. जुन्या घराच्या नफ्यावर १२.५ टक्के, किंवा महागाई निर्देशांकानं खरेदीची किंमत वाढवून धरून २० टक्के, यातला कमी पडेल तो कर. त्यासाठी घर २००१च्या आधीचं असेल तर १ एप्रिल २००१चं मूल्यांकन करून घ्या. नफा दुसऱ्या घरात गुंतवला तर सवलत मिळते, पण अनामत भरून राहणं म्हणजे घरखरेदी नव्हे.

पुढे घेण्याची वेळ आलीच तर करारनामा घरी आणून वाचा. महारेरानं, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकानं, २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या प्रकल्पांसाठी निकष घातले आहेत : लिफ्ट, व्हीलचेअर जाईल एवढी रुंद दारं, न घसरणाऱ्या फरश्या, धरायला दांडे. हे झालं इमारतीचं. जेवणाचे दर वर्षाला किती वाढवणार, रात्री नर्स असते का, अंथरूण धरलेल्या माणसाला ठेवून घेतात का, हे सगळं लेखी मागा. मुलाला घर वारशानं मिळालं तरी वय बसत नसताना राहता येईल का, तेही विचारा. खरेदीदाराला वयाची अट असेल तर विकतानाही गिऱ्हाईक कमी मिळतं.

तुम्ही पत्रात लिहिलंय की यजमान रोज पहाटे तळजाईच्या टेकडीवर जातात आणि तुमचा गुरुवारचा गीतेचा वर्ग बारा वर्षांत चुकलेला नाही. वर्गासाठी दर गुरुवारी भूगावहून रिक्षानं येऊन-जाऊन आठ-नऊशे रुपये धरा, महिन्याला साडेतीन-चार हजार. हा खर्च आधी मांडा, नाही तर तीन महिन्यांत 'जाऊ दे, लांब पडतं' सुरू होतं. माझ्या एका मावशीचं तसंच झालं. तिच्या प्रकल्पाच्या माहितीपत्रकात सुगम संगीत, योग, बागकाम सगळं होतं. मी गेलो तेव्हा फलकावर दोन महिन्यांपूर्वीचं वेळापत्रक होतं, आणि हॉलमधल्या टीव्हीसमोर चौघं जण एकमेकांशी न बोलता बसले होते. मावशीला करमलं, पण तिनं स्वतः शेजारणींना जमवून भिशी काढली तेव्हा.

म्हणून विक्रीवाल्याला न कळवता एखाद्या साध्या मंगळवारी दुपारी चारच्या चहाला दोघं जा. चहा घेऊन लोक बसतात की कप खोलीत नेतात, ते पाहा. तुमच्यासारखं कोणी वर्ग घेतं का, विचारा. आणि कॅरमच्या फळीवर पावडर आहे की धूळ, तेवढं बोट फिरवून बघा.