टास्मानियाला हद्दपार झालेल्या ब्रिटिश कैद्याचा माग कसा काढावा?

तुमच्याकडे कैद्याचं नाव आहे आणि १८४० च्या दशकात इंग्लंडातून व्हॅन डीमेन्स लँडला, म्हणजे आजच्या टास्मानियाला, रवानगी झाली एवढं ठाऊक आहे. नुसत्या नावावर जाऊ नका. एकाच नावाचे कितीतरी कैदी निघतात. नाव, जहाज आणि पोचल्याचं साल ही तिन्ही मिळून ओळख पटते. एकच जहाज अनेक फेऱ्या करायचं, म्हणून साल हवंच.

जहाज सापडतं लंडनच्या नॅशनल आर्काइव्हजमधल्या 'एचओ ११' या हद्दपारीच्या रजिस्टरांत. त्यांत शिक्षेचं ठिकाण, तारीख आणि मुदत असते, पण गुन्हा बहुधा नसतो. त्यासाठी 'एचओ २७' ही जिल्हावार गुन्हेगारी रजिस्टरं पाहा. ओल्ड बेली या लंडनच्या फौजदारी न्यायालयाच्या खटल्यांत सहसा लंडन-मिडलसेक्सच्याच केसेस मिळतील. शिक्षेचं ठिकाण मुंबई दिसलं तर बुचकळ्यात पडू नका. तो बहुधा कोर्टमार्शल झालेला गोरा सैनिक असतो आणि त्याची नोंद 'डब्ल्यूओ ९०' या लष्करी खटल्यांच्या रजिस्टरांत शोधायची.

जहाजाच्या यादीत नाव नसेल तर तो कदाचित निघालाच नसेल. हद्दपारीची शिक्षा होऊनही अनेकांनी बंदरात नांगरलेल्या जुन्या जहाजांवर, 'हल्क'वर, मुदत काढली.

खरा खजिना टास्मानियात आहे. लायब्ररीज टास्मानियाच्या 'टास्मानियन नेम्स इंडेक्स'मध्ये मूळ पानांचे फोटो फुकट दिसतात. १८४० नंतर आलेल्या पुरुषांचं वर्तनपत्रक 'कॉन ३३' मध्ये, १८४४ पासून आलेल्या बायकांचं 'कॉन ४१' मध्ये, त्याआधी आलेल्यांचं 'कॉन ४०' मध्ये. पानावर उंची, वर्ण, गोंदण, कैद्याने स्वतः सांगितलेला गुन्हा आणि खाली बारीक अक्षरांत वसाहतीतले अपराध व शिक्षा. अक्षर आधी किचकट वाटतं, पण संक्षेप तेच ते येतात: 'टी एल' म्हणजे सशर्त मोकळीक देणारं तिकीट ऑफ लीव्ह, 'सी पी' म्हणजे सशर्त माफी, 'एफ एस' म्हणजे मुदत भरून सुटका. वयावर फार विश्वास ठेवू नका, गोंदणावर ठेवा.

सुटकेनंतर माणूस हरवतो, कारण सरकारी नोंद तिथे थांबते. १८५१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियात सोनं सापडलं आणि कितीतरी जण तिकडे गेले, काही नाव बदलून. तिथल्या १८५३ नंतरच्या मृत्युनोंदींत आई-वडिलांची नावं नि जन्मस्थळ असतं. टास्मानियाच्या 'कॉन १४' इंडेंटमध्ये, म्हणजे आलेल्या पुरुष कैद्यांच्या तपशीलवार यादीत, बऱ्याचदा नातेवाइकांची नावं मिळतात. दोन्ही पानं शेजारी ठेवून ताडून बघा; नावं जुळली तरच तो तुमचा माणूस माना.