क्लोराइट-सेरिसाइट (गरम पाण्याने खडक बदलला की तयार होणारी खनिजं) सापडलं नाही, तर ज्वालामुखी खडकात गरम पाण्याने बदल झालाच नाही असं धरायचं का? आणि खनिजावरून धातूचा साठा किती जवळ आहे ते कळतं का?

नाही धरायचं. असं धरणाऱ्या साहेबांच्या हाताखाली मी अख्खा हिवाळा काढलाय, म्हणून लिहायला बसलो.

अंबाजी-देरीचा पट्टा, गुजरात-राजस्थानच्या सीमेवर. जस्त, शिसं, तांबं. कोअर बॉक्समध्ये (जमिनीत छिद्र पाडून काढलेले खडकाचे दंड ठेवायची पेटी) करडे, काचेसारखे दाणे आणि तपकिरी, पंख्यासारख्या पसरलेल्या सुया. सुया अँथोफिलाइट या खनिजाच्या, त्यावर वाद नव्हता. दाण्यांपुढे मी लॉगमध्ये, म्हणजे कोअरच्या नोंदीत, ‘कॉर्डिएराइट’ (हेही एक खनिज) लिहिलं. साहेबांनी लाल पेनने खोडून ‘क्वार्ट्‌झ’ केलं आणि सगळ्यांदेखत म्हणाले, “नवीन आहेस, प्रत्येक दगडात पुस्तक दिसतंय तुला.” क्लोराइट फारसं नाही, म्हणजे अल्टरेशन (गरम पाण्याने झालेला बदल) नाही, म्हणजे हा साधा गाळाचा रूपांतरित खडक. विषय संपला.

अहो, पण क्लोराइट टिकणार कसं? समुद्रतळाखाली तीनशे-साडेतीनशे अंशांचं पाणी खडकातून फिरलं की त्यातलं फेल्डस्पार हे खनिज मोडतं. सोडियम, कॅल्शियम धुऊन जातं, मॅग्नेशियम आणि लोह येऊन बसतं, खडक क्लोराइटने भरतो. तिथे हे घडलं सुमारे १०० कोटी वर्षांपूर्वी. पुढे तोच खडक खोल गाडला गेला, पुन्हा तापला आणि क्लोराइट-क्वार्ट्‌झचं कॉर्डिएराइट-अँथोफिलाइट झालं. सेरिसाइटचं जाड मस्कोव्हाइट (अभ्रक) होतं, आणखी तापलं तर सिलिमनाइट. थोडं जस्त गडद हिरव्या गाह्नाइट या खनिजात जाऊन बसतं. (दख्खनच्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांतल्या झिओलाइट खनिजांशी तुलना करू नका. ते कमी तापमानाचं प्रकरण, त्यात धातूचा साठा नसतो.) म्हणून आधी सोडियम बघा. ज्वालामुखी खडकातला सोडियम गायब असेल, तर तो नेला कोणी?

पातळ काप (सूक्ष्मदर्शकाखाली बघायची खडकाची चकती) चार महिन्यांनी हातात आला. दाण्यांत झिरकॉनच्या बारीक कणांभोवती पिवळी वलयं, अगदी स्वच्छ. क्वार्ट्‌झमध्ये अशी वलयं दिसत नाहीत. तोवर साहेबांची बदली झाली होती. लॉगमध्ये मात्र ‘क्वार्ट्‌झ’ तसंच राहिलं.

अंतराचं म्हणाल तर एका खनिजावर जाऊ नका. बऱ्याच ठिकाणी धातूखाली मध्यभागी क्लोराइट, बाहेर सेरिसाइट असतं, पण घड्या पडल्या की सगळं उलटंपालटं. खडक किती बदलला ते सांगणारा इशिकावा निर्देशांक काढा, खडकाच्या रासायनिक तपासणीतल्या टक्क्यांवरून: पोटॅश अधिक मॅग्नेशिया, भागिले हेच दोन अधिक सोडा अधिक चुना, गुणिले शंभर. आकडा शंभराकडे सरकला की कान टवकारा.

हो, एक राहिलं. मॅग्नेशियम जास्त असलेल्या गाळापासूनही कॉर्डिएराइट होतं आणि गाह्नाइट पेग्मटाइटमध्येही (मोठ्या स्फटिकांचा अग्निजन्य खडक) मिळतं. तेव्हा साहेब सगळीकडेच चुकले असते असं नाही, त्या बॉक्सपुरते चुकले. नुसत्या भिंगाने कॉर्डिएराइट आणि क्वार्ट्‌झ वेगळे करणं अवघड, हेही मान्य. पण मग खोडायचं कशाला? पुढे प्रश्नचिन्ह टाकायचं, काप येईपर्यंत थांबायचं.